सगळ्यात वरचा कांदा

मॅडमनं ब्लेडनं फुलाचा दांडा बुडाशी कापला, डोळ्याला लावला आणि त्यातून आभाळाकडं पाहिलं.

"पोकळ आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला."

भिकुबाई शेजारी बसून बघत होती. त्रेचाळीस वर्षांत या फुलाला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. गुरं आपसूकच त्याला तोंड लावत नाहीत, पण गावातली पोरं खुडायला आली की ती विळा उगारून त्यांच्यामागं धावायची. आता कापलेल्या दांड्यातून चिकट पाणी गळत होतं आणि शेंड्यावरची चारही लाल फुलं मॅडमच्या मांडीवर आडवी पडली होती.

"हिला बागेत सगळे लिली म्हणतात," मॅडम वहीत लिहिता लिहिता सांगत होत्या. "खरी लिली नव्हे ही. चैत्रात आधी फूल येतं, पानं मागून. गळ्याशी ही हिरवी चांदणी बघा. मूळची फार लांबची, समुद्रापलीकडची. साहेब लोकांनी बंगल्यांमधून लावली. पण इथं नाल्यात, कोणी पाणी न घालता, अशी शेकड्यांनी? हे मी खानदेशात पहिल्यांदाच बघतेय, अक्का. बागेतून निसटून रानाची झालीये ही."

दिपमाला मॅडम जळगावच्या. शिरपूरला कॉलेजात झाडांचा विषय शिकवायच्या. गावात काय काय उगवतं, काय उडतं, काय सरपटतं त्याची एक नोंदवही पंचायतीला करायची होती, त्यासाठी दोन दिवस आल्या होत्या. लाल फुलाचं नाव गावात कुणालाच सांगता आलं नाही, तेव्हा उपसरपंच समाधाननं त्यांना भिकुबाईकडं धाडलं होतं. "नाल्यानं काय बी इचारनं व्हई तर भिकुअक्काले इचारा. नाला तिन्हा पायखालना शे."

पण भिकुबाई नोंदवहीसाठी आली नव्हती. तिचं स्वतःचं काम होतं, आणि ते अजून तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

उद्या सकाळी मशीन येणार होतं. नाला खोल करायचा, दोन्ही काठ तासायचे, पाणी अडवायचं. गावाच्या भल्याचंच काम. भिकुबाई तीन दिवस समाधानच्या मागं लागली होती, एवढा काठ सोड म्हणून. समाधान पोरगा वाईट नव्हता. त्यानं डोकं खाजवलं होतं.

"अक्का, आख्खा काठ कसा सोडू? बठ्ठीकडे तेच फूल शे. तू माले एक जागा दखाड. मी चुनानी फक्कीना गोल मारी देसू. तितलं सोडाले सांगसू मशीनवालाले. पन एकच, बरं का. नही तर उद्या गाव म्हनी, समाधान फुलं पाळस."

एक जागा. तीच तर पंचाईत होती. पूर्वी एकच फूल होतं. मग दोन झाली, मग पाच, मग वळणापासून खाली सगळा काठच लाल होत गेला. नवरा कौतिक होता तोवर काळजी नव्हती, तो न चुकता बोट दाखवायचा. तो जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या चैत्रात ती एकटी आली तेव्हा तिला वळणावरचे तीन गड्डे सारखेच दिसले. हा की तो, तो की हा, करत ती उन्हात उभी राहिली आणि शेवटी तिन्हींना हात जोडून परत गेली.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना."

"यान्हातला पहिला कोनता, ते तुमले समजस का? बठ्ठास्ना आधीना?"

मॅडमनं वही मिटली. प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. त्यांनी जवळच्या वाळक्या दांड्यावरची एक शेंग तोडून तळहातावर चुरली.

"ही बघा, फोल आहे. सकाळपासून वीस-बावीस शेंगा फोडल्या मी, एकीतही बी नाही. बी असतं तर वाऱ्यानं कुठंही नेलं असतं, मग काही सांगता आलं नसतं. पण ही वाढते फक्त कांद्यावर. कांद्याला बाजूनं पिल्लं सुटतात. पूर आला, काठ ढासळला, की पिल्लं सुटी होऊन वाहत जातात. खाली कुठं अडकली, तिथं रुजली. आणि पाणी काही वर चढत नाही."

"मंग?"

"मग सगळ्यात वरचा कांदा तो सगळ्यात पहिला."

भिकुबाई ताडकन उठली. गुडघे कुरकुरले, पण तिचं लक्ष नव्हतं.

"वळणवरला! वरला अंगना! चाला, दखाडस तुमले." आणि चालता चालताच, मागं न बघता, जे तीन दिवस सांगायचं राहिलं होतं ते ती बोलून गेली. "तठे मन्ही पोर शे."

मागची पावलं थांबली.

वळणावर करंजाच्या सावलीत बसून तिनं सांगितलं. फार सांगण्यासारखं नव्हतंच. पहिलटकरीण होती ती. पौषात मुलगी झाली. अकराव्या दिवशी सकाळी दूध ओढेना, दुपारी डोळा उघडेना. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, सासूनं पाळण्याला कुंकू लावून ठेवलं होतं. नाव ठेवायचं राहून गेलं. इतक्या लहान जीवाला जाळत नाहीत. कौतिकनं तिला लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं, खांद्यावर कुदळ घेतली आणि बापाला बरोबर घेऊन नाल्याकडं गेला. भिकुबाई बाळंतिणीच्या खोलीत. तिनं फक्त दाराची कडी ऐकली.

"आमनाकडे मायले जागा दखाडतस नही," ती म्हणाली. "माय तठे जाई जाई बसस, मंग पुढलं लेकरू टिकत नही, असं म्हनतस. मी रोज इचारू, कोठे शे? ते म्हनेत, नाल्याकाठे. उन्हाळाभर इचारं. पावसाळा लागना, तरी इचारं. पावसाळामा तर ते मन्हावर वरडाले लागनात. कधी वरडेत नही तो मानूस."

"मग कळलं कसं?"

"दुसरं साल चैत्रमा. एक दिन सकायले स्वताच म्हननात, चाल. आठे लई उनात. लांबथीन दखाडं. एकच दांडा, पान नही काय नही, आनि वर लाल फूल. म्हननात, बंगलावरला कांदा लावी दिन्हा व्हता मी तिन्हावर. आते तुले दिसत राही."

कौतिक पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर माळी होता. नाल्याच्या वरच्या अंगाला, अर्ध्या कोसावर तो बंगला.

त्यानंतर प्रेमराज झाला, मग रूपा. रूपाला तर फूल म्हणजेच बहीण. शाळेत पहिली आली की आधी नाल्यावर पळायची, मार खाल्ला की नाल्यावर. मुक्ताईनगरला दिली तेव्हा वेशीबाहेर नवरीची गाडी थांबवून शालूनिशी खाली उतरली होती. वऱ्हाड हसलं, जावईही हसले. आता दरसाल आखाजीच्या सणाला माहेरी आली की पिशवी ओट्यावर टाकून म्हणायची, "मोठीले भेटी येस." यंदा मशीनचं ऐकून आखाजीच्या चार दिवस आधीच निघाली होती. काल फोनवर तिला रडू आवरत नव्हतं. "माय, मोठीनी जागा जाऊ देऊ नको. तू फक्त जागा धर, समाधानभाऊले मी सांगस."

मॅडम उठल्या. मग त्यांनी वळणावरचे तिन्ही गड्डे नीट पाहिले. गुडघ्यावर बसून हातानं माती बाजूला केली, खुरपं घेतलं नाही.

"हा," शेवटी त्या म्हणाल्या. "हा वरच्या अंगाला आहे, आणि जुनाही आहे. कांद्याला कांदा लागलाय. तीस-चाळीस वर्षं सहज."

भिकुबाईनं त्या गड्ड्यासमोर डोकं टेकलं. कपाळाला माती लागली, ती तिनं पुसली नाही. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मॅडमनाही हसू आलं.

"बस, मॅडम. मन्हं काम व्हयनं. आते तुम्ही म्हनशात ते झाड दखाडस तुमले. डिकमाली पाहिजे, डिकमाली दखाडस."

"हो, चला. फक्त एकदा वर वीस-पंचवीस पावलं बघून घेते. नोंदीत लिहावं लागतं, याच्या वर आढळलं नाही म्हणून."

"वर काय नही. वर वेड्या बाभळी शेतस. मी कधी गयी नही तथा, काटा लागतस."

काठीनं बाभळीच्या फांद्या बाजूला करत मॅडम पुढं झाल्या. भिकुबाई मागं, आनंदात, बडबडत. यंदा रूपाला काय काय करून घालायचं ते ती सांगत होती. सांजोऱ्या, आंब्याचा रस, खापरावरची पुरणपोळी. मॅडमची काठी थांबली.

दोन दगडांच्या फटीत नुकतीच फुटू लागलेली हिरवी पानं होती. मधून एक दांडा. त्यावर दोन लाल फुलं.

"हाई कोनी तरी टाकेल व्हई," भिकुबाई म्हणाली. "पोट्टासनी. खुडतस आनि फेकतस."

"असेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फुलाकडं नीट पाहिलंही नाही. मनगटावरचं घड्याळ बघितलं. "ऊन चढलं, अक्का. फिरू या मागं. तुमची जागा पक्की झालीये. मी लिहून देते."

भिकुबाई त्या फुलाकडं बघत होती. फुलाचं मूळ दगडाखाली घट्ट बसलं होतं. फेकलेलं असं रुजत नाही, हे काही तिला कॉलेजातून शिकायचं नव्हतं.

"मॅडम, पानी वर जास का?"

"अक्का..."

"जास का?"

"नाही."

"मंग चाला."

आता भिकुबाई पुढं होती. काटे पदराला धरत होते, ती पदर फाडून पुढं जात होती. पाऊणशे पावलांवर एक गड्डा. मग दोन एकदम. मग बाभळी संपल्या, नाला उघडा झाला, आणि डाव्या काठानं ओळच लागली, कुठं पाच, कुठं दहा. दर वेळी ती थांबायची, मॅडमकडं बघायची. मग पुढं निघायची. शेवटच्या वळणाला बंगल्याची मागची भिंत दिसली. काळी, शेवाळ वाळलेली, मधून खचलेली. भिंतीच्या बुडापासून नाल्याच्या वाळूपर्यंतचा सगळा उतार लाल होता. पाय ठेवायला जागा नव्हती.

भिंतीच्या खिंडारात एक म्हातारा खाटेवर बसून शेळीच्या पायातला काटा काढत होता. शेळी ओरडत होती आणि तो तिला समजावत होता. "अगं बाई, एवढे तर साहेबाच्या मेमचे नखरे नव्हते." पावलं ऐकून त्यानं मान वर केली. एका डोळ्यावर पांढरी साय आली होती.

"बंगला बंद आहे साहेब. पाच साल झाले. चावी शिरपूरला."

"आम्ही फुलं बघायला आलोय, चाचा," मॅडम म्हणाल्या.

"फुलं बघा, फुकट आहेत. बाई आहात का? मला वाटलं साहेब. असलम नाव माझं. खानसामा होतो इथं. आता शेळ्यांना खाऊ घालतो, त्या तरी नावं ठेवत नाहीत."

भिकुबाईनं पदर पुढं ओढून घेतला आणि भिंतीच्या सावलीला टेकली. असलमभाईला ती ओळखत होती. कौतिकच्या मयतीला आला होता, पार शेवटी उभा राहिला होता.

"ही फुलं इथं कशी आली, चाचा?"

"लाल लिली? त्याची तर मजाच आहे." त्यानं शेळी सोडून दिली. "दोन वाफे होते समोर. नवीन साहेब आले, त्यांच्या बाईला लाल रंग चालेना. कुणा बुवानं सांगितलं होतं तिला. म्हणाली, काढा सगळं, मोगरा लावा. मग कौतिकनं आणि मी चार टोपल्या कांदे या भिंतीवरून खाली ओतले. कौतिक म्हणजे आमचा माळी. अल्ला त्याला जन्नत देवो. रडला होता कांदे काढताना. मी म्हटलं, कांदे चिरताना रडतात रे, काढताना नाही."

तो एकटाच हसला.

"कधीची गोष्ट ही?"

"मोठा पूर आला ना, त्या सालची. पुराच्या आधी, महिनाभर. पूर असा आला की ती पुढची सगळी दरड घेऊन गेला, वळणापर्यंत. काठ राहिलाच नाही. टोपल्याभर कांदे पण गेले. आणि दुसऱ्या साली चैत्रात बघतो तर काय, इथं भिंतीखाली नाल्यात जिथं तिथं लाल लाल. मी म्हटलं कौतिक, मेमसाब गेली आणि लिली आली बघ."

मॅडमनं भिकुबाईकडं पाहिलं. भिकुबाई जमिनीकडं बघत होती.

"चला, चाचा, येतो आम्ही," मॅडम घाईनं म्हणाल्या.

"बसा हो, पाणी तरी प्या. कोण येतं इकडं बोलायला? त्या साली त्या कौतिकचं डोकं फिरलं होतं, खरं सांगतो. पूर उतरला आणि हा रोज ड्युटी टाकून नाल्यात. वळणापासून खाली, कंबरभर गाळात. हातानं उकरायचा. आठ दिवस! नखं निघाली होती. मी विचारलं, काय हरवलं रे? म्हणाला, कुदळ. वाहून गेली म्हणाला. अरे, एका कुदळीसाठी कुणी रडतं का? मी स्टोअरमधून नवी कोरी काढून दिली. हात लावला नाही. तीच पाहिजे म्हणाला."

शेळी परत येऊन त्याच्या गुडघ्याला अंग घासू लागली.

कुदळ घरी होती. त्या पावसाळ्यात घरात पाणी शिरू नये म्हणून भिकुबाईनंच त्या कुदळीनं ओट्याभोवती चारी खणली होती, कौतिक दिवसदिवस घरी नसायचा म्हणून. दाराआडच्या खुंटीला ती तेव्हाही होती आणि आजही होती. प्रेमराजनं गेल्या साली तिला नवा दांडा घातला.

तो रात्री यायचा तो गाळानं भरलेला. ती विचारायची, जागा कोठे शे, सांगा ना. आणि तो ओरडायचा.

"बरोबर कोण आहे, बाई?" असलमभाईनं चांगला डोळा बारीक केला. "बोलत नाही ते कोण?"

"मी शे, असलमभाई," भिकुबाई म्हणाली. "रूपानी माय."

म्हातारा धडपडत उठला. खाटेचा पाय वाजला.

"भाबी! तौबा, तौबा. दिसत नाही हो मला. मेलेल्या माणसाची मी थट्टा करत बसलो. माफ करा. भला माणूस होता तो. कुदळ हरवली म्हणून काय..."

"नही भाऊ. थट्टा कसानी?" तिचा आवाज सरळ होता. "सापडनी ती कुदळ."

"सापडली?"

"हा. मंग सापडनी. दुसरं साल चैत्रमा."

"बघा!" असलमभाईचा चेहरा खुलला. "आणि मला बोलला नाही तो. इतकी वर्षं माझ्या जीवाला लागून राहिलं होतं. बरं झालं, भाबी. बरं झालं सापडली ते."

परत येताना मॅडम एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या आणि तिथं हात ठेवता येणार नाही असं वाटून त्यांनी तो मागं घेतला. बाभळी लागल्या तेव्हा त्या पुढं झाल्या आणि फांद्या धरून उभ्या राहिल्या, भिकुबाई खालून वाकून गेली.

"एक साल दुष्काळ पडना व्हता," भिकुबाई म्हणाली. मॅडमशी बोलत होती की नाही, कळत नव्हतं. "बहात्तर नही, त्यान्हा मंगना. पेवाले पानी नव्हतं. हाऊ मानूस रोज सकायले एक घागर नाल्यावर लई जाये. मी भांडनू, घरमा लेकरसले पेवाले नही आनि तुम्ही फुलले पानी घालतस? ते काय बोलनात नही. मी म्हनू, बापनं काळीज शे, पोरसाठे तुटस."

ती थोडी चालली.

"पोरसाठे नव्हतं ते."

नाल्याच्या वाळूत तिची आणि मॅडमची मघाची पावलं उमटली होती, वर जाणारी. त्यांच्याच बाजूनं दोघी उतरत होत्या.

"मॅडम, हाऊ नाला कथा जास?"

"अरुणावतीला मिळतो, अक्का."

"आनि ती?"

"तापीला."

"तापी?"

"तापी सुरतेकडं जाते. तिथून समुद्राला."

"लांब शे," भिकुबाई म्हणाली. मग दहा-वीस पावलं पुढं गेल्यावर, "अकरा दिननी व्हती."

मॅडम थांबल्या आणि चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. भिकुबाई थांबली नाही. वळण जवळ आलं होतं आणि तिकडून माणसांचा आवाज येत होता.

रूपा आली होती. एसटीतून उतरून घरी न जाता तशीच इकडं आली असावी. पिशवी करंजाखाली, चपला पिशवीवर. साडी गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेली. शेजारी समाधान फक्कीचं पोतं पायाशी घेऊन उभा होता आणि फोनवर कुणाला तरी "हा हा, दखाडस, उद्या सात वाजता" असं सांगत होता. आईला बघून रूपा पळत आली. चाळिशीची बाई, पण लहान पोरीसारखी पळाली.

"माय! सापडनी का?"

भिकुबाईनं तिच्याकडं पाहिलं. रूपाचं नाक बापावर गेलं होतं. रडून लाल झालेलं.

"सांग ना वो माय. सापडनी का मोठी?"

"लवकर सांग, अक्का," समाधान फोन खिशात टाकत म्हणाला. "मशीनवाला मन्हा डोकावर बसेल शे. तुन्ही पोर तर सकायफाईन फोनवर माले शिव्या दी राह्यनी. मी उपसरपंच शे, हाई इसरी गयी ती."

"चूप रे," रूपा म्हणाली, पण आईवरचे डोळे हलवले नाहीत.

भिकुबाई वळणावर गेली. तिन्ही गड्डे तिथंच होते. ती थबकली नाही, हा की तो असं केलं नाही. मधल्या गड्ड्याजवळ गेली, ज्याला सगळ्यात जास्त फुलं होती, आणि बोट दाखवलं.

"हाई."

"मधली?" रूपानं तोंडावर हात ठेवला. "माले वाटेच. माले आधीफाईन हाईच वाटे."

"हा. हाईच. मॅडमनी बठ्ठा नाला दखा, वर बंगलापावत. हाईच पहिली. तुन्हा बापनी लावेल."

रूपा खाली बसली. डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हातांनी तो गड्डा वेढला आणि काहीतरी पुटपुटू लागली. सासरचं, पोरांचं, काय काय. समाधाननं टोपी काढली आणि दुसरीकडं पाहिलं. थोड्या वेळानं तो मॅडमजवळ सरकला, हळू आवाजात.

"मॅडम, पक्कं ना? नही, बिचारीसनं मन राखानं म्हनून नका सांगू. मशीन एकदा लागनं का मंग थांबत नही. आनि तुम्ही लिही देशात तर माले गावले दखाडता येई."

मॅडमच्या काखेत नोंदवही होती. त्यांनी मधल्या गड्ड्याकडं पाहिलं. मघाशी हातानं माती काढून त्यांनी स्वतःच वरचा गड्डा जुना म्हणून सांगितला होता. मधला त्याच्या निम्म्या वयाचाही नव्हता. मग त्यांनी भिकुबाईकडं पाहिलं. भिकुबाई कुणाकडंच बघत नव्हती, नाल्याच्या कोरड्या वाळूकडं बघत होती, वाळू जिकडं उतरते तिकडं.

मॅडमनं पिशवीतून मोजायची टेप काढली.

"पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "मी सही करून देते. चारी बाजूंनी नऊ फूट सोडा. नऊ म्हणजे नऊ."

समाधाननं पोत्याचं तोंड सोडलं. मॅडमनं टेपचं एक टोक रूपाच्या हातांजवळ मातीत धरलं आणि दुसरं भिकुबाईला दिलं.

"ताणून धरा, अक्का."

भिकुबाईनं ताणून धरलं.